टिपऱ्यांच्या रोजनिशीचे शेवटचे पान

2001 साली अल्फा मराठीवर सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. दिलीप प्रभावळकरांचे 'अनुदिनी' हे पुस्तक तिचा आधार होते. अशा मालिकेचा शेवट कसा असावा? लग्न किंवा मृत्यू दाखवून कथानक संपवता येते. परंतु 'अनुदिन' म्हणजे दररोज, आणि रोजचे जगणे एखाद्या घटनेने संपत नाही.

येथे आपल्या जिल्ह्यातील नेवासे आठवते. शके 1212 मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सुमारे 9,000 ओव्यांच्या अखेरीस पसायदान येते. त्यात विवेचनाचा सारांश नाही. सर्वांसाठी मागणे आहे. त्यातील बहुतेक क्रियापदे घडून गेलेले सांगत नाहीत, 'घडावे' असे म्हणतात.

म्हणून माझ्या कल्पनेतील शेवटी आबा टिपरे रोजनिशीत घरातील प्रत्येकासाठी एकेक मागणे लिहितात आणि शेवटचे प्रेक्षकांसाठी. ज्या वडिलांच्या शेजारी बसून मी ही मालिका पाहिली, ते आज नाहीत. जुने भाग पुन्हा पाहता येतात. ती बैठक पुन्हा जमत नाही. तिच्यासाठी भूतकाळ पुरेसा आहे, मागे उरलेल्यांसाठी मात्र विध्यर्थ हवा.

आपणही आवडत्या मालिकेचा शेवट लिहून पाहा. प्रथम त्यातील अखेरचे क्रियापद ठरवा.