गुंठामंत्री

पुण्याजवळच्या दिघीत सोन्याच्या दुकानासमोर गळाभर साखळ्या घातलेला कुणी गाडीतून उतरला, की रांगेतला एकजण हमखास पुटपुटतो, ‘गुंठामंत्री!’

नटव्यांना नावं ठेवायची हौस सगळीकडेच. अठराव्या शतकात इटली फिरून आलेली श्रीमंत इंग्रज पोरं उंच विग लावून मिरवू लागली, तेव्हा लंडनकरांनी त्यांचं नाव ‘मॅकरोनी’ ठेवलं. त्याआधीचा ‘कॉक्सकोम’ म्हणजे विदूषकाच्या टोपीवरचा कोंबड्याचा तुरा, ‘पॉपिंजे’ म्हणजे पोपट. आपल्याकडे छेलबटाऊ, गुलछबू, रंगेल. हे सगळे बापजाद्यांच्या पैशावर नटणारे. त्यांची थट्टा होते, पण तिच्यात थोडं कौतुकही असतं. बो ब्रमेल हा नामांकित डँडी कर्जापायी १८१६ साली फ्रान्सला पळाला, तरी लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर आज त्याचा पुतळा आहे.

गुंठामंत्र्याच्या वाट्याला नुसती कुचेष्टा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं, पुढे भोसरीत, चाकणला कारखाने आले. १९९७ साली दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली आणि बाजरीच्या रानाला बिल्डरचा भाव आला. पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या घरात गुंठे विकून एकदम रोकड आली. ती कुठे दाखवायची? अंगावरच.

याचं टोक म्हणजे भोसरीचे दत्ता फुगे. २०१३ साली सुमारे साडेतीन किलो सोन्याचा, आतून मखमल लावलेला शर्ट घालून ते जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. किंमत सव्वा कोटीच्या वर. हौस अचाट होती, मला ती ओंगळच वाटली. पण जुलै २०१६मध्ये दिघीतच त्यांचा खून झाला, तेव्हाही लोक शर्टावरचे विनोद एकमेकांना पाठवत होते. ते मात्र शर्टाहून ओंगळ होतं.

वाड्यातल्या माणसानं अत्तर लावलं तर तो रसिक, मळ्यातल्यानं साखळी घातली तर तो गुंठामंत्री! आणि हे म्हणणारे आपण राहतो कुठे? त्याच गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत, हप्ते फेडत. आपल्या इमारतीच्या जागेचा जुना सातबारा एकदा काढून पाहा. त्यावरची नावं वाचा, आणि मग वाटलं तर खुशाल म्हणा गुंठामंत्री.