कांद्याविना करी

मुंबईतल्या बहुतेक उपाहारगृहांत आपण बसतो न बसतो तोच वेटर विचारतो, "जैन की रेग्युलर?" आपल्या आचारधर्माचा केवढा तरी भाग त्याने या एका प्रश्नात आटोपलेला असतो. आपण 'जैन' एवढे म्हणायचे आणि निश्चिंत व्हायचे. पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चे केळे येते, कांदा-लसणाचा विषयही निघत नाही. ही सोय केवढी मोठी आहे हे ती हाताशी असताना जाणवत नाही. मला ते जाणवले लंडनमध्ये, जिथे 'जैन' हा शब्द उच्चारल्यावर समोरचा माणूस नम्रपणे पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

मुलाकडे तीन महिने राहावयास गेले होते. जून महिना होता. मुलाच्या कार्यालयातील वरिष्ठांना, म्हणजे एका साठीच्या इंग्रज गृहस्थांना, माझ्या येण्याचे कळले आणि त्यांनी आम्हा सर्वांस भोजनाचे निमंत्रण दिले. कुठे, तर त्यांच्या घराजवळच्या भारतीय 'करी हाउस'मध्ये! "तुमच्या आईला घरच्यासारखे वाटेल," असे ते मुलाला म्हणाले होते. या निमंत्रणात आपुलकी एवढी होती की नकार देणे मला अवघड झाले. दशम्या आणि खाकऱ्यांचा डबा पिशवीत टाकून मी निघाले.

'करी' हा शब्द मी सांगलीत आयुष्यभर उच्चारला नव्हता. आमच्या घरी आमटी होते, पातळ भाजी होते, कढी होते. 'करी' कधी झाली नाही. इंग्रजांनी मात्र हा शब्द फार पूर्वीच आपलासा केला. हॅना ग्लास या बाईंच्या 1747 सालच्या पाकपुस्तकात हिंदी पद्धतीच्या करीची कृती आहे. 1810 मध्ये, पाटण्यात जन्मलेल्या दीन महोमेत यांनी लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ हिंदी जेवणाचे पहिले उपाहारगृह काढले. ते चालले नाही. दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले. आज गल्लोगल्ली दिसणारी करी हाउसे उभी केली ती प्रामुख्याने सिल्हेटच्या लोकांनी. जहाजांच्या भट्ट्यांत कोळसा घालणारे हे खलाशी लंडनच्या बंदरात उतरले, कुणी भांडी घासली, कुणी दुसऱ्या महायुद्धानंतर मोडकळीला आलेली छोटी खाणावळ विकत घेतली. 1971 मध्ये त्यांचा देश बांगलादेश झाला, पण दारावरची 'इंडियन' ही पाटी तशीच राहिली. तेव्हा माझे यजमान ज्याला माझे 'घर' समजत होते, ते घर माझ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाचे होते. सांगलीपासून सिल्हेट लंडनला वाटते त्याहून फार दूर आहे.

सात वाजता आम्ही बसलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, म्हणून रात्रीभोजनत्यागाची चिंता नव्हती. डिसेंबरमध्ये तोच सूर्य चार वाजण्यापूर्वीच जातो. माझी सून त्या दिवसांत कार्यालयातून बाहेर पडते ती काळोखातच. सूर्यघड्याळावर बेतलेला आपला नियम त्या अक्षांशावर किती कठीण होतो, याची कल्पना आपल्या स्वाध्याय मंडळात बसून येणार नाही.

भोजनाची यादी वाचताना मला हसू आले. 'बॉम्बे आलू' नावाचा पदार्थ होता, जो मुंबईत मी तरी पाहिलेला नाही. 'दोपियाजा' होता, ज्याच्या नावातच कांदा आहे, तोही दुहेरी. 'विंदालू' होता, हे नाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले आणि त्याच्या पोटात लसूण दडलेला आहे. काही पदार्थांपुढे शाकाहाराचे हिरवे चिन्ह होते. परंतु मुलाने मला आधीच सांगून ठेवले होते की या चिन्हावर विसंबू नये. या स्वयंपाकघरांची एक रीत आहे. दुपारीच एका भल्यामोठ्या पातेल्यात कांदे, लसूण, आले, तेल आणि मसाला एकत्र शिजवून त्याचा गुळगुळीत रस्सा करून ठेवतात. संध्याकाळी गिऱ्हाईक कोर्मा मागो की मद्रास, पळीभर तोच रस्सा कढईत पडतो. कुठे साय वाढते, कुठे तिखट, एवढाच भेद. भाज्यांच्या करीतही तोच. पन्नास पदार्थ दहा-दहा मिनिटांत ताटात येतात ते या पातेल्याच्या बळावर. धंद्याच्या दृष्टीने ही युक्ती कौतुकास्पद आहे. आपल्या दृष्टीने मात्र ती सारी यादी म्हणजे एकच पदार्थ होता.

आता विचारणे आले. मी पिशवीतला डबा चाचपत होते, इतक्यात शेजारी बसलेला अकरा वर्षांचा नातू माझ्या कानाशी लागला. "आजी, अ‍ॅलर्जी आहे म्हण. मी शाळेत तसंच सांगतो. मग कुणी काही विचारत नाही."

त्याचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. 2014 च्या डिसेंबरपासून तिथल्या उपाहारगृहांना चौदा प्रकारच्या घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, कारण अ‍ॅलर्जीने माणूस दगावू शकतो. कांदा आणि लसूण त्या चौदांत नाहीत. तरीही 'अ‍ॅलर्जी' या शब्दाला तिथे असे वजन आहे की तो ऐकताच वेटर ताठ उभा राहतो. 'नियम' या शब्दाला ते वजन नाही. शरीराची अडचण सर्वांना समजते, आत्म्याची समजावून सांगावी लागते. आणि अकरा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या तीस मुलांना रोज काय काय समजावून सांगावे? मला त्याचा राग आला नाही. पण त्याने ते इतक्या सहजपणे सांगितले, त्याने मी अस्वस्थ झाले. कंदमूळ टाळण्यासाठी तो रोज सत्य टाळत होता. अहिंसेच्या अणुव्रतासाठी सत्याच्या अणुव्रताला मुरड घालायची, हा सौदा त्याने कुणालाही न विचारता मनातल्या मनात करून टाकला होता.

त्या क्षणी मला गांधीजींची एक गोष्ट आठवली. 1888 मध्ये विलायतेला निघताना मातेच्या समाधानासाठी त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा घेतली, ती बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या साक्षीने. याच लंडनमध्ये एका मित्राने त्यांना हॉबर्नच्या बड्या उपाहारगृहात जेवायला नेले. एवढ्या थाटामाटाच्या ठिकाणी हा काही विचारणार नाही, असा मित्राचा होरा. पहिले सूप आले आणि गांधीजींनी ते कशाचे आहे हे विचारण्यासाठी वेटरला बोलावले. मित्र संतापला, सभ्यतेने वागता येत नसेल तर बाहेर जा, असे त्याने सुनावले. गांधीजी उठून गेले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते, म्हणून ते त्या रात्री उपाशी राहिले. मैत्री मात्र तुटली नाही. ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी शिकवली होती. उपाशी राहण्यापेक्षा त्या गालिच्यावर बसून वेटरला हाक मारणेच अधिक अवघड असावे, हे मला त्या खुर्चीवर बसेपर्यंत उमगले नव्हते.

खरे तर मला एक दुसरा मार्गही मोकळा होता. आपले मुनिमहाराज आहाराला निघतात तेव्हा काही मागत नाहीत. वृत्तिपरिसंख्यान तपात तर मनात विधी धरून निघायचे आणि तो जुळला नाही तर मौनाने परतायचे. मीही 'भूक नाही' म्हणून पाणी पिऊन बसू शकले असते. पण मुनींचे मौन हे मौनच असते. 'भूक नाही' हे माझे वाक्य खोटे ठरले असते. शिवाय ज्यांनी एवढ्या प्रेमाने बोलावले, त्यांच्या समोर रिकामे ताट ठेवून बसणे हीसुद्धा एक प्रकारे त्यांना दिलेली पीडाच.

मी नातवाला म्हटले, "अ‍ॅलर्जी नाही बाळ, नियम आहे. तसंच सांगू या." आणि वेटर येताच मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितले की मी जैन आहे, जमिनीखाली वाढणारे काही खात नाही, आपल्याकडे काही होऊ शकत असेल तर करावे, नसेल तर माझे काही म्हणणे नाही, मी साधा भात घेईन.

वेटर तरुण होता, लंडनमध्येच वाढलेला. त्याने क्षणभर विचार केला आणि प्रांजळपणे म्हणाला, "खोटं कशाला सांगू? आमच्याकडे सगळ्यातच कांदा आहे." मला तो मुलगा फार आवडला. 'हो हो, चालेल' म्हणून त्याच पातेल्यातली पळीभर भाजी समोर ठेवणे त्याला किती सोपे होते! आपल्यासारख्यांचा सारा नियम परक्या घरी अशा एखाद्या अनोळखी माणसाच्या खरेपणावरच उभा असतो. तो आत गेला आणि थोड्या वेळाने मुख्य आचाऱ्यालाच घेऊन आला. आचारी सत्तरीकडे झुकलेले, पांढऱ्या दाढीचे. हिंदी चित्रपटांतून शिकलेल्या हिंदीत त्यांनी विचारले, "प्याज नहीं, लहसुन नहीं?" मी मान हलवली. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "निरामिष!" ते म्हणाले.

यादीत जो शब्द कुठेच नव्हता, तो या माणसाजवळ होता. आपल्याकडे निरामिष म्हणजे केवळ मांसरहित, आणि तोही ग्रंथांतला शब्द. व्यवहारात आपल्याला 'आमिष' ठाऊक असते ते प्रलोभन या अर्थाने. बंगालीत मात्र जुन्या हिंदू घरांतल्या निरामिष रांधण्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सिल्हेटमध्ये त्यांच्या शेजारी एक हिंदू कुटुंब राहत असे. तिथल्या विधवा आजीबाईंच्या वेगळ्या चुलीवरचे जेवण त्यांनी लहानपणी अनेकदा खाल्ले होते. "चाळीस वर्षांत इथे कुणी मागितलं नाही," ते म्हणाले. मला ते 'माशी' म्हणू लागले. बंगालीत ती मावशी, हे नातवाला ठाऊक नसल्याने तो तोंडावर हात धरून हसत होता.

मी आलेही नको म्हटल्यावर मात्र ते थबकले, कारण त्यांच्या निरामिषात आले चालते. "आणि हळद?" त्यांनी विचारले. "तीही जमिनीखालचीच." प्रश्न बिनतोड होता. ओल्या कंदात अनंत जीव मानतात, सुकवलेली हळद आणि सुंठ चालते, हे मी सांगितले. माझे यजमान हा संवाद डोळे विस्फारून ऐकत होते. मग ते मुलाकडे वळून म्हणाले, "सात वर्षे तू आमच्याबरोबर इथे येतोस. दर वेळी तुला भूक नसते." मुलगा काही बोलला नाही. त्याची ती सात वर्षे मलाही तेव्हाच कळली.

अर्ध्या तासाने स्वच्छ घासलेल्या वेगळ्या कढईत केलेली तांबड्या भोपळ्याची भाजी, ओल्या खोबऱ्याचे काप घातलेली हरभऱ्याची डाळ आणि भात आला. भाजीत काळे दाणे दिसले आणि मी दचकले, कारण आपल्याकडे कलौंजीला 'कांद्याचे बी' म्हणण्याची पद्धत आहे. तिचा कांद्याशी काही संबंध नाही. मेथी, जिरे, मोहरी, बडीशेप आणि कलौंजी अशी ती पाच जिनसांची फोडणी होती. जिथे मांस शिजते त्या स्वयंपाकघरातले अन्न घ्यावे की नाही, हा प्रश्न राहतोच. माझ्या आईने घेतले नसते, आणि आजही जे घेत नाहीत त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. मी प्रवासातला माझा विवेक वापरून ते घेतले. भोपळा गोड होता. मुलाने दोनदा भात मागितला. यजमानांनीही त्यातली थोडी भाजी वाढून घेतली, 'थोडे तिखट हवे होते' असे म्हणाले आणि आपल्या मद्रासकडे वळले.

नातवाने त्या आठवड्यात शाळेत काय सांगितले ते मी विचारले नाही.

निघालो तेव्हा साडेआठ झाले होते आणि समोरच्या कौलांवर अजून ऊन होते. स्टेशनाकडे चालताना मी बाकावर बसून बाटलीतले पाणी पिऊन घेतले. नातू म्हणाला, "आजी, तू डिसेंबरमध्ये आलीस तर काय करशील? मी शाळेतून घरी येतो तोवर सूर्य जातो."

"मग दुपारीच येऊ त्यांच्याकडे," मी म्हटले.

"दुपारी त्यांचं बंद असतं," तो म्हणाला.