समुद्र ओलांडण्यापूर्वी

परदेशप्रवास म्हटला, की आम्हां शिक्षकमंडळींच्या डोळ्यांपुढे निळा सागर, अपरिचित नगरे आणि भिन्न संस्कृतींचा संगम असे काहीतरी भव्य उभे राहते. 'मी परदेशी गेलो तर' या विषयावर आम्ही मुलांकडून कित्येक निबंध लिहून घेतले आहेत आणि सागराला 'अथांग' हे विशेषण लावणाऱ्यास अर्धा गुण अधिकही दिला आहे. परंतु खरोखर परदेशी निघालेल्या माणसाच्या मनात अथांग सागर नसतो. बॅग किती किलोची चालते, हा प्रश्न असतो. ही गोष्ट आम्हांस गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळली.

आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. औराद तालुक्यातील एका खेड्यातला हा मुलगा वडील अंथरुणाला खिळल्यामुळे नववीतूनच शाळा सोडून गेला. पुढे हैदराबादेस इमारतींच्या कामावर राहून तो वायरमनचे काम शिकला. नमस्कार करून बसला आणि म्हणाला, "सर, मी दुबईला चाललो." आमच्या भागात आखातातील कोणत्याही देशाला दुबईच म्हणतात. अधिक विचारता ही दुबई सौदी अरबस्तानात आहे, असे निष्पन्न झाले.

त्याने खिशातून वहीचे एक घडी घातलेले पान काढले. त्यावर प्रश्न लिहिले होते. बॅग किती किलोची चालते? विमानात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे नेऊ देतात का? रुपये तिकडे चालतात, की येथेच बदलून घ्यायचे? घरी पैसे कसे पाठवायचे? भाषा येत नाही, आजारी पडलो तर दवाखान्यात काय सांगू? आणि सर्वांत खाली, किंचित बारीक अक्षरात : काम सांगितल्यासारखे नसले, तर परत येता येते का?

आम्ही जन्माने समुद्रकाठचे. घरची बोली कोकणी. समुद्र पाहतच लहानाचे मोठे झालो, पण तो ओलांडला मात्र कधी नाही. आणि ज्याने समुद्र कधी पाहिलाही नव्हता, तो मुलगा आम्हांला त्यापलीकडची वाट विचारीत होता! भाषेच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे आम्ही अधिकाराने दिले. "अरे, आपण घरी एक भाषा बोलतो, शाळेत मराठी, तहसील कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी. बीदर जिल्ह्यात राहिलेल्या माणसाने भाषेला भिऊ नये." तो हसला. बाकीच्या प्रश्नांना आम्ही "चौकशी करावी लागेल" असे शिक्षकी उत्तर दिले.

वस्तुतः तो आला होता दुसऱ्याच कामासाठी. त्याचा पासपोर्ट अडला होता. त्याच्या नावाचे आद्याक्षर 'ज्ञ'. आमच्या शाळेच्या दाखल्यावर ते इंग्रजीत मराठी रीतीने, म्हणजे डी-एन-वाय असे, लिहिलेले. आधार कार्डावर तालुक्याच्या ठिकाणी कोणीतरी कन्नड रीतीने जी-एन असे टिपलेले. अक्षर एकच, मुलगा एकच. पण कागदावर दोन माणसे झाली होती. आम्ही कपाटातून जुने रजिस्टर काढले. नोंदीचे हस्ताक्षर आमचेच होते. नाव कसे लिहावयाचे, हे त्या वेळी आम्ही त्याला वा त्याच्या आईला विचारलेच नव्हते. शेजारच्या रकान्यात जन्मतारीख होती 1 जून. त्या पानावरील अकरा मुले 1 जूनलाच जन्मली होती! खेड्यातील पालकांना तारीख ठाऊक नसली, की शाळा उघडण्याच्या सुमाराची ही तारीख घालून मोकळे व्हावयाचे, हा आमच्या व्यवसायातील जुना परिपाठ. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून ती आम्हीही डोळे मिटून उतरवून घेतली होती. आपल्या दोन शब्दांनी एखाद्याची वाट कोठे अडेल, याची लिहिताना आम्हांस कल्पना नव्हती. प्रतिज्ञापत्रासाठी व आधारच्या दुरुस्तीसाठी त्याने रोजगार बुडवून ज्या खेपा घातल्या, त्यांचा हिशेब आमच्या नावावर मांडावयास हवा.

पुढे डिसेंबरात मुलांची सहल घेऊन आम्ही बीदरला गेलो. महमूद गवानाच्या मदरशासमोर उभे राहून नेहमीप्रमाणे सांगू लागलो, की ही इमारत 1472 मध्ये पूर्ण झाली. ती बांधणारा हा बहमनी वजीर इराणातील गिलानहून समुद्रमार्गे आला होता. आणि त्याच काळात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी या शहरात राहून गेला. वर्षानुवर्षे आम्ही हे सांगत आलो आहोत. त्या दिवशी मात्र बोलता बोलता आम्हांस निकितिनाच्या जागी आमचा तो वायरमन दिसू लागला.

निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा. वाटेत अस्त्राखानजवळ तो लुटला गेला; त्यात त्याचे धर्मग्रंथही गेले. इराणातून होर्मुझला येऊन तो जहाजाने कोकणात चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका भल्या माणसाने रदबदली केली, तेव्हा घोडाही वाचला आणि धर्मही. पुढे बीदरला तो घोडा त्याने विकला.

त्याची टिपणे वाचली, तर तीत आपल्या मुलाच्याच वहीचे पान सापडते. माल कोठे स्वस्त, जकात किती, उतरावे कोठे, लोक काय खातात, समुद्रात चाचे किती. धर्मग्रंथ गेल्यामुळे ईस्टर नेमका केव्हा येतो, हे त्याला कळेना. तो आकाशातील कृत्तिकांकडे पाहून अंदाज बांधी. आणि सर्वांत कटू नोंद अशी, की येथे आपल्या देशाजोगा माल मुबलक आहे, असे ज्यांनी सांगितले, त्यांनी आपल्याला फसविले. मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, पण आपल्या मुलखासाठी येथे काही नाही. समुद्र ओलांडून आल्यावर त्याला हे समजले! परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच तो मरण पावला. घरी पोहोचल्या त्या त्याच्या वह्या.

सहलीहून परतल्यावर आम्ही प्रथम त्या मुलाला फोन केला. "तुझ्या यादीतला शेवटचा प्रश्न पहिला कर," असे सांगितले. मग ज्या चौकशीचे आश्वासन दिले होते, ती खरोखर केली. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसास सौदी अरबस्तानासह ठराविक अठरा देशांत नोकरीसाठी जावयाचे, तर 1983 च्या उत्प्रवास कायद्यान्वये सरकारची परवानगी सामान्यतः लागते. ती देताना करार पाहिला जातो आणि विमाही उतरविला जातो. परवाना असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर मिळते. एजंटाने घ्यावयाच्या शुल्कालाही तीस हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा आहे. आमच्या मुलाकडे दीड लाख मागितले होते आणि पाठविणार होते भेटीच्या व्हिसावर! भेटीच्या व्हिसावर गेलेला माणूस कागदोपत्री कामगार नसतोच. मग त्याची मजुरी बुडाली, तर त्याने तक्रार तरी कशाच्या आधारे करावी?

आम्ही त्याला तीन गोष्टी विचारावयास सांगितल्या : परवान्याचा क्रमांक, पैशांची पावती आणि सहीचा करार. त्याने विचारल्या. एजंट "दोन दिवसांत देतो" म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही. सुदैवाने पैसे अद्याप दिलेले नव्हते; बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले ते पैसे घरातच राहिले.

मुलगा अद्याप हैदराबादेसच आहे. जावयाचा विचार त्याने सोडलेला नाही, आणि त्याने तो सोडावा असे आम्हीही म्हणत नाही. ज्यांच्या शेतात तूर वाळली, त्यांना घरी बसण्याचा उपदेश करणे आम्हां पगारदारांना शोभत नाही. मात्र त्याने बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज भरला आहे, नावाची दुरुस्ती होत आली आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो फोनवर आमच्याकडून गणित समजावून घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीही काहीजण उद्या समुद्र ओलांडतील. बॅग किती किलोची, लोणचे चालते का, हे प्रश्न क्षुद्र समजू नका. निकितिनासारख्या धाडसी पुरुषालाही तेच पडले होते. आणि ज्या एका गोष्टीची त्याने निघण्यापूर्वी पुरती खातरजमा केली नाही, तीच त्याला महाग पडली. उत्तर देण्यास टाळाटाळ करणाऱ्याबरोबर मात्र समुद्र ओलांडू नका.

आम्हीही एक धडा घेतला आहे. यंदा जूनमध्ये आठवीच्या प्रवेशाच्या वेळी रजिस्टर उघडले, तेव्हा प्रत्येक मुलाला नाव इंग्रजीत कसे लिहितोस, हे विचारले, आधार कार्ड शेजारी ठेवले आणि मगच लेखणी उचलली. रांग लांब झाली आणि दुपारचे जेवण राहिले. पण त्या एका दिवसात आमच्या हातून जेवढे शिक्षण झाले, तेवढे क्वचितच होते.