आजारपणाची शिल्लक

आजारी पडायलासुद्धा खात्यावर शिल्लक लागते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. 'महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981' हे पुस्तक तुम्ही वाचलं नसेल. वाचूही नका. वर्षभर नोकरी केली की 20 दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. पगार पूर्ण हवा असेल तर ती 'परिवर्तित' करायची. म्हणजे दोन दिवस खर्ची घालायचे आणि एक घ्यायचा. थोडक्यात, वर्षभर राबा नि दहा दिवस आजारी पडा!

ही रजा मी जपायला हवी होती. पण मेव्हण्याच्या लग्नात मला कावीळ झाली होती. पेरणीला दरसाल न चुकता टायफॉइड. (डॉक्टर आमच्या गावचेच.) अर्जित रजा तर घर बांधताना विटांबरोबरच संपली. त्यामुळे गालात खरोखरीची गाठ निघाली, कारण तंबाखू, दुसरं काय, तेव्हा खोट्या दुखण्यांनी खऱ्याच्या वाट्याचे दिवस कधीच खाऊन टाकले होते.

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं निघालो. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वे स्लीपरचं भाडं लावत नाही. सोबत्याला चौथा हिस्सा पडतो. "लग्नानंतर प्रथमच तुझं तिकीट माझ्यापेक्षा महाग," मी म्हणालो. ही हसली नाही.

मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. परळला टाटा हॉस्पिटलात ऑपरेशन, मग 30 वेळा शेक : आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. मशीनलाही शनिवार-रविवार सुट्टी! आमच्या सरकारला पाच दिवसांचा आठवडा द्यायला 2020 साल उजाडलं. गाव विचारलं की "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं मी ऐटीत सांगायचो; आता परभणीची 'फरफणी' होऊ लागली.

विसाव्या शेकाला रजा संपली. पुढची 'असाधारण रजा'. नाव भारदस्त, पगार शून्य. हिच्या पाटल्या कुठं गेल्या हे मी विचारलं नाही.

"पवारसाहेब बघा की," ऑफिसातून फोन येत. "2004 साली कॅन्सर निघाला, त्याच साली दिल्लीत कृषिमंत्री झाले, दहा वर्षं राहिले!" खरं आहे. पण साहेबांना हजेरीपटावर सही करावी लागत नव्हती.

फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर झालो तर टेबल पंख्याखाली आणि फाइल एकही नाही. "तुम्ही निवांत बसा की, भाऊसाहेब. कशाला दगदग करायलात?" मी बसलो. चार महिने बसलो. चहाचे पैसेही कुणी देऊ देईना. जिवंतपणी माझी तसबीर झाली होती. हार तेवढा राहिला होता. ज्याच्यावाचून ऑफिसचं काही अडत नाही, त्याची खुर्ची किती दिवस अडते, हा हिशेब मी रात्री पडल्यापडल्या करी.

मग मार्चअखेर आली. अकाउंटंटनं एक गठ्ठा टेबलावर आदळला. "संध्याकाळपर्यंत जुळवा. आणि गेल्या वेळेसारखी चूक नको!"

पाठोपाठ शिपाई. "भाऊसाहेब, आज चहाचा नंबर तुमचा. मागचे चार महिन्यांचे बी बाकी हायत."

"अर्धे लाव," मी म्हणालो. "तोंड भाजायचं म्हणून मी अर्धा कपच पीत होतो."

"कप अर्धा असला तरी हाटेलवाला पुराच लावतो," तो म्हणाला. आमचं भांडण पाच वाजेपर्यंत चाललं.