पिकअपला मागं कोण ओढणार?

रिकामी पिकअप भरलेल्या पिकअपपेक्षा लवकर रुतते. ऐकायला उलटं वाटेल, पण बोलेरो पिकअप चालवणाऱ्या कुणालाही विचारा. इंजिन पुढं, ओढ मागच्या चाकांवर, आणि त्या चाकांवर वजन घालणारा असतो तो हौद्यातला माल. खताची पोती उतरली की मागचा भाग हलका होतो आणि चाकं ओल्या मातीवर जागच्या जागी फिरायला लागतात. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याच्या बाजूला तांबडी चिकट माती, खाली पंचगंगेच्या काठाला काळी. तांबडीवर गाडी घसरते, काळीत बसते. काळी माती टायरच्या नक्षीत एकदा भरली की नवा टायरही गोटा.

माझे दाजी याच पट्ट्यात पिकअप चालवतात. खत, उसाचं बियाणं, भाजी, ज्याचं भाडं मिळेल ते. गाडी पाणंदीत रुतली की ठरलेला उपाय ट्रॅक्टर. तो येईपर्यंत बांधावर बसायचं, नायलॉनचा दोर बांधायचा आणि एक जोराचा हिसका. अशाच एका हिसक्यात गाडीचा पुढचा बंपर ब्रॅकेटसकट उपटून आला, तेव्हा दाजींनी विंच, म्हणजे ड्रमवर तार गुंडाळत गाडी ओढून काढणारं यंत्र, घ्यायचं मनावर घेतलं. बजेट आधीच सांगून टाकलं: पंचवीस हजार, वर एक रुपया नाही. मला सोबत घेतलं, कारण कंपन्यांच्या माहितीपत्रकातलं इंग्रजी वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं.

माहितीपत्रकात पहिली अडचण पौंडांची. गाडीवरच्या विंचचा धंदा मुळात अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धातल्या शिल्लक जीप लोकांच्या हाती आल्या तेव्हा 1948 साली आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थांनी त्यांच्या पुढच्या चाकांसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. त्यांच्याच कंपनीनं 1959 मध्ये हौशी गाडीवाल्यांसाठी बॅटरीवर चालणारी विंच आणली. तेव्हापासून जगभर विंचची ताकद पौंडांतच सांगतात: साडेचार हजार, साडेनऊ हजार, बारा हजार. साडेनऊ हजार पौंड म्हणजे सुमारे 4,300 किलो.

आता दाजींना किती लागणार? जाणकारांचा सर्वसाधारण नियम असा, की माल भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या निदान दीडपट ताकदीची विंच घ्यावी. हे वजन आरसी बुकात असतं, ते दुकानदाराला विचारायची गरज नाही. दाजींची गाडी भरल्यावर तीन टनांच्या आसपास जाते. त्याच्या दीडपट साडेचार टन, म्हणजे दहा हजार पौंडांच्या घरात. त्या ताकदीची चिनी बनावटीची विंच आम्हाला चाळीस-पन्नास हजार सांगितली गेली, नावाजलेल्या अमेरिकन कंपनीची लाखाच्या वर. दाजींनी चहा मागवला.

एका दुकानदारानं मग स्वस्त तोडगा काढला. साडेचार हजार पौंडांची, शेतात फिरणाऱ्या चारचाकी बाइकसाठी बनवलेली छोटी विंच घ्या, कप्पी लावा, ताकद डबल. कप्पीचं त्याचं गणित बरोबर होतं. तार झाडावरच्या कप्पीतून फिरवून परत गाडीला बांधली की ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. पण डब्यावर छापलेला आकडा ड्रमवर तारेचा एकच थर उरलेला असतो तेव्हाचा. वर जितके थर, तितकी ताकद कमी. चौथ्या थरावर ती साठ-पासष्ट टक्क्यांवर आलेली असते. झाड जवळ असेल, थोडीच तार सोडली असेल, तर अख्खा ड्रम गुंडाळलेला राहतो आणि नेमकी तेव्हाच विंच दुबळी पडते. हे दुकानदारानं सांगितलं नाही. सूचनापत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोष्टक होतं.

शिवाय सपाट जमिनीवरच्या गाडीला लागणारा जोर वेगळा आणि चिखलातल्या गाडीला वेगळा. अमेरिकन लष्कराच्या पुस्तिकेत यासाठी एक ढोबळ हिशेब आहे. चाकं रुतली असतील तर ओढायला गाडीच्या वजनाइतका जोर धरावा, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली असेल तर तिप्पट. चढ असेल तर तो वेगळा. म्हणजे दाजींची भरलेली गाडी मडगार्डपर्यंत बसली की सहा टनांचा मामला. लाखाची विंचही तिथं कप्पीशिवाय दमेल. पण हाच हिशेब उलटा वाचला तर स्वस्तातला उपाय सापडतो. खोऱ्यानं चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढून गाडी मडगार्डच्या पातळीवरून चाकांच्या पातळीवर आणली, की लागणारी ओढ निम्म्यावर येते. पोती उतरवली तर आणखी कमी. चांगलं खोरं काही शेकड्यांत मिळतं आणि दोन माणसं तर पिकअपमध्ये असतातच.

विजेची विंच खरोखर समजली ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पंपापासून ट्रॉलीपर्यंत काहीही बनवून देणारी वर्कशॉपं इथं गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एका मिस्त्रींकडं कुणाच्या तरी जीपची जळालेली विंच टेबलावर उघडून ठेवली होती. मोटर शाबूत. ग्रहमालेसारखे एकाभोवती एक फिरणारे आतले गियर शाबूत. जळालं होतं ते करंट चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडचं डबडं. आतले तांब्याचे दोन संपर्क वितळून एकमेकांना चिकटले होते, वर काळी पूड. बटण सोडलं तरी विंच ओढतच राहिली असणार. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरनं ते खरवडून दाखवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, मोटर सगळेच बघत्यात. तुम्ही हे बघा, आन् केबल बघा."

केबल का, तेही त्यांनी सांगितलं. साडेनऊ हजार पौंडांची विंच पूर्ण जोरानं ओढताना बारा व्होल्टवर चारशे अँपिअरच्या आसपास करंट खाते. पिकअपचा अल्टरनेटर त्याच्या चौथाईही क्वचितच देतो. बाकीचा सगळा भार बॅटरीवर. म्हणून इंजिन चालू ठेवूनच ओढायचं, मिनिटभर ओढलं की थांबायचं, मोटरला हात लावून बघायचा. स्वस्त विंचसोबत येणारी बारीक केबल लांब पडली तर व्होल्टेज केबलमध्येच मरतं. मिस्त्री तिच्या जागी वेल्डिंगची जाड तांब्याची केबल घालतात आणि बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच. मोटरमध्येही दोन जाती आहेत. कायमचं चुंबक असलेली मोटर करंट कमी घेते पण लवकर तापते. सिरीज वाइंडिंगची जास्त करंट खाते पण लांब ओढीला टिकते. चिखलासाठी दुसरी बरी. जुनी बॅटरी असेल तर नवी, जाड केबल, बसवायची प्लेट, मजुरी असं धरत गेलो तेव्हा चाळीस हजारांची विंच साठ हजारांना पडायला लागली.

बसवायची कुठं, हा प्रश्न वेगळाच होता. पुढं लोखंडी जाड बंपर करून त्यात विंच ठेवायची ही सगळ्यांच्या डोळ्यांपुढची पद्धत. पण डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून गाड्यांवरच्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा, म्हणजे कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर फेरफार करायचा नाही. खासगी जीपवाला तेवढा धोका पत्करेलही. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेससाठी ठरावीक मुदतीनं आरटीओसमोर उभं राहावं लागतं. दाजींना तिथं वाद नको होता.

आणि मग दाजींनीच असा प्रश्न विचारला, की सगळ्या माहितीपत्रकांची घडी झाली. "ही पुढंच ओढणार न्हवं? मला तर मागं यायचं असतंय."

खरंच होतं. पिकअपवाला पाणंदीत शिरतो, पुढं चिखल लागतो, गाडी बसते. पुढं जाऊन त्याला काही उपयोग नसतो, पुढं चिखल आणखी खोल असतो. त्याला हवा असतो मागचा टणक रस्ता, जिथून तो आला. पुढच्या बंपरवरची विंच जंगलातून आरपार जाणाऱ्यासाठी आहे. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा भरते, तिथं विंचची करामत बघण्यासारखी असते. गाडी जवळजवळ उभ्या चिखलाच्या भिंतीवर स्वतःला ओढून घेते. पण त्या चारही चाकांवर ओढणाऱ्या गाड्या त्याच कामासाठी बांधलेल्या असतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केट यार्डात वांगी पोचवायची जबाबदारी त्यांच्यावर नसते.

मिस्त्रींनी कोपऱ्यातून एक ओशट लोखंडी यंत्र काढलं. हातानं चालवायची विंच, टिरफॉर. विजेचे खांब, यंत्रांची उभारणी असल्या कामांवर ही नेहमी दिसते. आत दोन जबडे असतात. लांब दांडा पुढं ढकलला की एक जबडा तार धरून ओढतो, मागं आणला की दुसरा धरतो. तार ड्रमवर गुंडाळलीच जात नाही, एका बाजूनं शिरते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. त्यामुळं थरांनी ताकद कमी व्हायचा प्रश्न नाही, बॅटरी नाही, सोलेनॉइड नाही. दांडा थांबवला की भार जागच्या जागी धरलेला. जास्त ताण आला तर दांड्याजवळची पिन तुटते, जबडे तार सोडत नाहीत. त्या पिनेच्या जागी खिळा ठोकणारे महाभाग आहेत, तसं करू नये. सुट्या पिना सोबत मिळतात.

तोटेही सांगायला हवेत. एका पूर्ण हेलकाव्याला तार जेमतेम काही सेंटीमीटर सरकते. दोन-तीन मीटर गाडी ओढायची तर घाम निघतो, आणि एकट्यानं केलं तर शिव्याही. तार यंत्राच्या मापाचीच लागते, भंगारातली जवळपासच्या जाडीची चालत नाही. तीन टनी यंत्र घ्यावं असं आधी वाटलं होतं, पण त्याची सोळा मिलिमीटरची तार मीटरला किलोभर भरते आणि यंत्र उचलायलाच दोघं लागतात. दीड टनी गटातलं, 1.6 टनांचं यंत्र एका माणसाला उचलतं, त्याची तार अकरा मिलिमीटरची. रिकामी पिकअप पावणेदोन टनांच्या आसपास. कप्पी लावली की यंत्राची ओढ तीन टनांपर्यंत जाते. भरलेली गाडी असेल तर आधी पोती उतरवायची. दाजींनी 1.6 टनांचं घेतलं आणि माझ्या मते तेच बरोबर होतं.

उरलेले पैसे गेले ते सोबतच्या वस्तूंवर, आणि कंजुषी करायची नसते ती इथंच. झाडाला तार थेट बांधली तर साल सोलते आणि तारही दुमडते. म्हणून क्रेनवाल्यांकडं असतो तो रुंद पॉलिस्टरचा पट्टा घेतला, तीन टनांचा. या पट्ट्यांना वजनाप्रमाणे रंग असतात, तीन टनांचा पिवळा. तार-पट्टा जोडायच्या दोन शॅकल पाऊण इंची, अंगावर 4.75 टन असं उठवलेलं. आकडा नसलेली शॅकल निम्म्या किमतीत मिळते, ती गेट बांधायला ठीक. कप्पी गाडीकडच्या टोकाला लावली की तिच्यावर दोन्ही तारांचा मिळून भार येतो, त्यामुळं कप्पी आणि तिची शॅकल यंत्राच्या दुप्पट ताकदीची हवी. गाडीच्या मागं मिस्त्रींनी चासीच्या आडव्या पट्टीला जाड प्लेट हाय-टेन्साइल बोल्टनं बसवून कडी दिली. वेल्डिंग केलं नाही, चासीवर ते नकोच म्हणाले. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत बसलं. राहिलेल्या पैशांत दाजींनी खोरं आणि जाड चामड्याचे हातमोजे घेतले. पोलादी तारेचे तुटके तंतू तळहातात घुसतात, तो काटा सहज निघत नाही.

यंदाच्या जुलैत पन्हाळ्याच्या खालच्या बाजूला गाडी बसली तेव्हा मी सोबत होतो. हौदा रिकामा, मागचं डावं चाक अर्ध्यापर्यंत आत. दाजींनी आधी अर्धा तास खोरं चालवलं. चाकामागं उतरती चर काढली, तिच्यात दगड टाकले. मागं बांधावर आंब्याचं जुनं झाड होतं. पट्टा बुंध्याच्या अगदी तळाशी गुंडाळला, कारण वर बांधला की झाडावर कलतं ओझं येतं. यंत्र पट्ट्याला, तार गाडीवरच्या कप्पीतून फिरून परत झाडाकडं. तारेवर ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे तार तुटलीच तर हवेत चाबकासारखी न उसळता खाली पडेल. मग दांडा. सुरुवातीला गाडी हललीच नाही, फक्त तार ताणत गेली आणि झाडाकडचा पट्टा करकरला. नंतर चिखलानं चाक सोडल्याचा मोठा आवाज आला, आणि तिथून पुढं दांडा इतका हलका झाला की दाजींनी तो माझ्या हातात दिला.

चारही चाकांवर ओढणारी गाडी असेल, एकट्यानं रानात फिरायची सवय असेल आणि साठ-सत्तर हजार हाताशी असतील, तर साडेनऊ हजार पौंडांची सिरीज मोटरवाली विजेची विंच जरूर घ्या. पण भाड्याच्या पिकअपला, वर्षातून मोजक्या वेळा रुतणाऱ्या आणि बहुतेकदा मागंच यायचं असलेल्या गाडीला, हातानं चालणारं यंत्र जास्त कामाचं आहे.

यंत्र कुठलंही असो, एक विनंती. गाडी रुतली की गावातली माणसं मदतीला धावून येतात, तारेला हात लावतात, तारेवरून पाय टाकून पलीकडं जातात, पोरं तर झाडाखालीच उभी राहतात. ताण द्यायच्या आधी त्या सगळ्यांना तारेच्या लांबीहून जास्त अंतरावर उभं करा. कुणी रागावलं तर रागावू दे.