संध्याकाळी घरी

ऑपरेशन म्हणजे चार दिवस तरी दवाखान्यात, ही माझी पक्की समजूत. वडिलांच्या हर्नियाच्या वेळी तसंच झालं होतं. त्यामुळे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी वाढलेल्या हाडासाठी डॉक्टर म्हणाले, "सकाळी या, संध्याकाळी घरी," तेव्हा वाटलं, यांना खाट रिकामी करायची घाई आहे. विचारलं मात्र काही नाही. मनात संशय पोसत राहिले, आणि त्यालाच सावधपणा समजले.

सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, नखांचा रंग काढून या, अशा सूचना होत्या. तिथे गेल्यावर जो तो विचारी, नाव काय, कुठला पाय? शेवटी मी चिडले. "फाइलमध्ये लिहिलंय ना?" सिस्टर म्हणाल्या, "लिहिलंय. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय." मग डॉक्टरांनी माझ्यादेखत उजव्या पायावर पेनाने बाण काढला. घोट्याभोवती इंजेक्शनं देऊन पाऊल बधिर केलं, आणि तासाभरात सगळं आटोपलं.

माझा ग्रह मोडला तो निघताना. मी घरी जायला उतावीळ, आणि सिस्टर सोडायला तयार नाहीत. लघवी झाली का? चहा-बिस्किट पोटात राहिलं का? कितव्या मजल्यावर राहता, लिफ्ट आहे का, संडासात कमोड आहे का, रात्री जवळ कोण असेल? "दुसरा मजला, लिफ्ट नाही," हे म्हणाले. झालं, मला कुबड्या देऊन जिन्यापाशी नेलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. भार फक्त टाचेवर. "पाऊल अजून बधिर आहे, त्याच्या भरवशावर राहू नका." मी चुकले, त्यांनी पुन्हा करायला लावलं. मग ह्यांना बसवून सांगितलं: पाय उशांवर, छातीपेक्षा उंच, बधिरपणा उतरायच्या आधीच गोळी, बोटं निळी किंवा गार पडली तर लगेच फोन.

वडिलांच्या वेळी घरचा जिना कुणी विचारला नव्हता. आम्ही खाटेवर होतो, एवढ्यावरच निर्धास्त होतो. ज्यांच्यावर मी घाईचा आरोप मनातल्या मनात केला, त्यांच्याच सिस्टर मला सोडत नव्हत्या, याची तिथे जिन्यावर फार लाज वाटली.

रात्री दुखलं. गोळीने सोसण्याइतकं राहिलं.

आता शेजारच्या काकूंचं हेच ऑपरेशन ठरतंय. मुलगा म्हणतो, दोन दिवस ठेवूनच घ्या. त्याला मी म्हटलं, आधी डॉक्टरांना काकूंच्या साखरेचं सांग, आणि त्या रात्री तू घरी असशील का ते ठरव. नसशील, तर ठेवून घ्यायला सांग.