अर्ध्यात सोडलेली तान

संत कान्होपात्रा मंगळवेढ्याची. आमच्याच जिल्ह्यातली, म्हणून लहानपणापासून मला ती नात्यातली वाटायची. पण तिचं गाणं मी पहिल्यांदा गायले ते टाळ्यांसाठी.

सतरा वर्षांची असेन. बार्शीत भगवंताच्या देवळात ‘संत कान्होपात्रा’ या संगीत नाटकातलं एक पद म्हटलं. रेडिओवरून उचललेलं छोटंसं पद, ते ताना घालघालून पाव तास ओढलं. वन्समोअर मिळाला. पेटीवर माझे गुरुजीच होते. घरी जाताना एवढंच म्हणाले, “पोरी, ती बाई मरायला टेकलीय आणि तू तिला पळवतीयस.” मला राग आला. पुढे आठवडाभर शिकवणीला गेले नाही. गुरुजींचं वय झालंय, असं मैत्रिणींना सांगत फिरले. त्याची लाज अजून जात नाही.

काही वर्षांनी पुण्यात मामाकडे गेले असता ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेनं केलेला त्याच नाटकाचा प्रयोग पाहिला. कान्होपात्रा होत्या कीर्ती शिलेदार. ही संस्था त्यांचे आईवडील जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली काढलेली. जयमालाबाईंनी बालगंधर्वांबरोबर भूमिका केलेल्या, आणि हे नाटक १९३१ मध्ये रंगभूमीवर आलं तेही बालगंधर्वांच्या गंधर्व कंपनीकडूनच. कीर्तीताई स्वतः दहाव्या वर्षी ‘सौभद्र’मधला नारद होऊन उभ्या राहिलेल्या. हे सारं मला नंतर कळलं. त्या रात्री मी ताना मोजायला बसले होते. खरंच, बोटांवर.

 साथीला फक्त ऑर्गन आणि तबला. लपायला जागाच नाही.

शेवटचा प्रवेश. बीदरच्या बादशहाची माणसं न्यायला आलेली, आणि कान्होपात्रा विठ्ठलापुढे. आता गळा दाखवतील म्हणून मी सरसावून बसले. तान निघाली आणि अर्ध्यातच त्यांनी ती सोडून दिली. श्वास घेतला. पुढचा शब्द जवळजवळ बोलल्याच. माझी बोटं जिथल्या तिथं राहिली.

बार्शीला परतल्यावर आधी गुरुजींचं घर गाठलं. माफी मागायची होती, शब्द फुटेना. ते म्हणाले, “पेटी काढ.” झालं.

संगीत नाटकाचे दिवस सरले असं जो तो म्हणत होता, त्या काळात कीर्तीताई तीच नाटकं करत राहिल्या. २०१८ मध्ये त्या नाट्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा चार ओळींचं पत्र लिहायला घेतलं होतं. कोण कुठली मी, असं वाटून ते वहीतच राहिलं.

२२ जानेवारी २०२२ ला त्या गेल्याची बातमी आली, तेव्हा एक मुलगी शिकायला बसली होती. योगायोगानं ‘कान्होपात्रा’तलं तेच पद चाललं होतं. एका तानेवर ती पुन्हापुन्हा अडत होती.

“बाई, इथं श्वासच पुरत नाही.”

“मग नको पुरवूस,” मी म्हटलं.